वाड्यातलं जुनं फर्निचर आणि एकगठ्ठा भाव

लाकडी_जिना | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

नारायण पेठेतला आमचा वाडा बिल्डरकडे गेलाय. मार्चअखेर रिकामा करून द्यायचा आहे. आई मागच्या श्रावणात गेली. आम्ही तिघं भावंडं: दादा नाशिकला, मी इथेच सिंहगड रस्त्याला, धाकटी न्यू जर्सीला. जागेचं, पैशांचं सगळं कागदावर ठरलं, एक शब्द वाकडा गेला नाही. घोडं अडलंय ते सामानाशी.

सामान असं: शिसवी पलंग, मच्छरदाणीचे खांब आणि उशाला कोरीव वेलबुट्टी. आरशाचं सागवानी कपाट (आरसा 'बेल्जियमचा', असं आजी सांगायची). आजोबा वकील होते, त्यांचं मांडी घालून बसायचं उतरतं डेस्क. पितळी कड्यांचा झोपाळा. माळ्यावर वेताच्या बैठकीच्या सहा खुर्च्या, पैकी एक मोडकी. पणजीची एक नक्षीची पेटी, वीतभर. गोदरेजचं लोखंडी कपाट. घडवंच्या, पाट, फडताळाची दारं वगैरे किरकोळ.

ओळखीतून एक गृहस्थ येऊन गेले. वीस मिनिटांत सगळं पाहिलं. पलंगाचं तोंड भरून कौतुक, आरशावरून बोट फिरवणं, मग "एकगठ्ठा एक लाख चाळीस हजार, उद्या टेम्पो लावतो." जाताजाता म्हणाले, "माळ्यावरच्या त्या खुर्च्यापण टाका त्यात, तुमची अडगळ जाईल."

दादाचं म्हणणं, पलंग पेशवेकालीन आहे आणि एकटाच पाच लाखांचा आहे. धाकटीला डेस्क अमेरिकेत न्यायचंय. मला फक्त हिशेब सरळ हवाय. अशा वस्तूंची खरी किंमत कोण सांगतं? कुठे विचारायचं?

शंकासूर | १२ जानेवारी, रात्री १०:०५

पुण्यात पेशवेकालीन नसलेली वस्तू दाखवा, मी एक लाख चाळीस हजार देतो.

तळेगावकर_काका | १२ जानेवारी, रात्री १०:३१

शंकासूर, चेष्टा सोडा, पण मुद्दा बरोबर आहे. पेशवाई १८१८ ला संपली. तोवरच्या ब्राह्मणी वाड्यांत बैठक होती, गाद्या, लोड, तक्के. खुर्ची-टेबल, आरशाचं कपाट ही इंग्रजी अमलातली भरती, तीही बहुतेक घरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर आली. ताई, तुमच्या पलंगाच्या नक्षीत द्राक्षांचे घड, गुलाब, वळणदार पानं आहेत का? असतील तर ती व्हिक्टोरियन धाटणी. मुंबईत शिसवीवर असं भरगच्च कोरीव काम करणारे कारखाने होते, साहेबलोक त्याला 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणत. ते पेशवेकालीन नसलं तरी हलकं मुळीच नाही. उलट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तसले नमुने आहेत.

सुतारपक्षी | १३ जानेवारी, सकाळी ७:१२

मी जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं काम करतो, वीसेक वर्षं. ताई, पहिली गोष्ट: त्या गृहस्थांना उद्या-परवा काहीही उचलू देऊ नका. दुसरी गोष्ट: काहीही पुसू, घासू, पॉलिश करू नका. पितांबरीसुद्धा नको.

गिऱ्हाइक समोरून बघतं, जाणकार मागून आणि खालून. तुम्हीही तसंच बघा. टॉर्च घ्या, जुनी चादर अंथरा आणि आडवं पडून पलंगाच्या खाली जा.

काय बघायचं? जे दिसत नाही तिथलं लाकूड. पुढून शिसवी आणि मागून देवदाराची फळी असेल तर तो लबाडीचा पुरावा नव्हे, जुने कारागीरही महाग लाकूड दिसतं तिथेच वापरायचे. पण खांब एका लाकडाचे आणि पाय दुसऱ्या, असं असेल तर दोन वस्तूंचं लग्न लावलंय असं समजा. आमच्या धंद्यात 'लग्नाची वस्तू' म्हणतात. निम्मा भाव तिथेच उतरतो.

खण असेल तर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यातले दातेरी सांधे हाताने कापलेले असले की एकसारखे नसतात, एक दात जाड, एक बारीक. शेजारी मार्किंगच्या सुईची ओरखड मिळते. सगळे दात मापात एकसारखे असतील तर यंत्राचं काम. तळाच्या फळीवर रंध्याचे हलके चढ-उतार हाताला लागतात. गोलाकार कमानीसारख्या रेषा दिसल्या तर ते चक्री करवतीचं काम. एखादा स्क्रू निघत असेल तर काढून बघा: एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्क्रूचं टोक बोथट असायचं, टोकदार यंत्राचे स्क्रू त्यानंतरचे. अर्थात स्क्रू कुणीही बदलू शकतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

भुंग्याची भोकं बघा. खाली पिवळट ताजी पूड पडत असेल तर आत कीड जिवंत आहे, ती वस्तू बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. भोकं काळवंडलेली आणि पूड नसेल तर जुनी गोष्ट.

आणि हो, वजन. शिसव हातात घेतल्यावरच कळतं. सागाला काळा रंग देऊन 'शिसवी' म्हणून मिरवणारे पलंग मी आठवड्याला एक बघतो.

फोटो टाका, पण पाठीचे आणि पोटाचे.

जुनाबाजार | १३ जानेवारी, दुपारी १२:४८

एक भर. घेणाऱ्याची जुनी चाल आहे, जे नकोय त्याचं कौतुक करायचं आणि जे हवंय त्याला अडगळ म्हणायचं. तुमच्या गृहस्थांनी खुर्च्यांना अडगळ म्हटलं. मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यात आधी माळ्यावर चढलो असतो.

कॅपुचिनो | १३ जानेवारी, दुपारी १:१५

ओएलएक्सवर टाका ना, लगेच भाव कळेल.

जुनाबाजार | १३ जानेवारी, दुपारी १:२२

तिथे लोकांनी मागितलेला भाव कळतो, मिळालेला नाही. तीन वर्षं तीच जाहिरात अडीच लाखांवर पडून असते. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुन्या लिलावांचे निकाल असतात, तिथे हातोडा कितीला पडला ते दिसतं. ते आकडे कामाचे. पण त्यावर खरेदीदाराकडून घेतलेली दलाली कधी धरलेली असते, कधी नसते, तेवढं तपासा.

कलम_आणि_कागद | १३ जानेवारी, रात्री ८:५०

मी हिशेबाच्या बाजूने बोलते. "खरी किंमत" असा एक आकडा नसतो, हे तुमच्या दादांना आधीच सांगून ठेवा. एकाच कपाटाचे निदान तीन भाव असतात.

व्यापारी तुम्हाला देईल तो भाव. त्याला वाहतूक, दुरुस्ती, गोदाम आणि वर्षभर न विकल्याचा तोटा सोसायचा असतो, म्हणून दुकानात ज्याची पाटी एक लाखाची, त्याचे तुमच्या हातात तीस-चाळीस हजार येणं ही फसवणूक नव्हे. दुसरा भाव, घाई नसलेला विकणारा आणि माहीतगार घेणारा यांच्यात ठरेल तो. भावंडांच्या वाटणीला हा धरावा. तिसरा विम्याचा, म्हणजे वस्तू जळाली तर तशीच दुसरी आणायला काय पडेल. हा सगळ्यात फुगलेला. लोक विम्याचा कागद घेऊन व्यापाऱ्याकडे जातात आणि अपमान झाला म्हणून परत येतात.

मूल्यमापकाला ठरावीक रक्कम किंवा तासाचे पैसे द्या. किमतीच्या टक्क्यांवर कधीही नको, आकडा फुगवण्यात त्याचा फायदा असतो. आणि जो किंमत सांगेल त्याने ती वस्तू विकत घ्यायची नाही, हे आधीच लिहून घ्या.

कराचं थोडक्यात: आपल्याकडे वारसा कर नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ ला गेली. संपत्ती करही २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. घरात वापरलेलं फर्निचर विकलं तर ते 'वैयक्तिक वापराच्या वस्तूं'त धरलं जातं, त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती यांना ती सूट नाही. कुणी तुमच्या पलंगाला कलाकृती ठरवलं तर वाद होऊ शकतो, तेव्हा मोठी रक्कम आली तर आपल्या सीएला विचारा.

शंकासूर | १३ जानेवारी, रात्री ९:१०

म्हणजे पलंगावर झोपलात तर कर नाही, नुसता बघत बसलात तर कर. आवडलं.

लाकडी_जिना | १६ जानेवारी, रात्री ११:०२

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मी आणि भाचा दिवसभर वाड्यात होतो. अंगभर कोळिष्टकं घेऊन आलो.

काकांनी विचारलेल्या द्राक्षांचे घड आहेत! गुलाबपण. म्हणजे पेशवे गेले. दादाला फोनवर सांगितलं, तो दोन मिनिटं गप्प होता.

सुतारपक्षी, तुमचंही खरं ठरलं. पलंगाचे खांब आणि उशाची फळी गच्च जड, काळसर, दाट रेषांची. पण चारही पाय आणि खालच्या आडव्या पट्ट्या वेगळ्या, काळा रंग दिलेल्या. नखाने खरवडलं तर आत सोनेरी पिवळं लाकूड. कपाटाच्या खालच्या खणाची पाठही नवी वाटते. कपाटावर बाहेरून, जमिनीपासून साधारण माझ्या छातीच्या उंचीला एक फिकट आडवी रेघ आहे, सगळीकडून सारखी. पॉलिश उडालंय की काय?

खुर्च्या खाली काढल्या. पाठ एकाच गोल वाकवलेल्या दांडीची, आत आणखी एक कमान. बैठक वेताची, चारांची फाटलेली. एकीच्या बैठकीच्या कडेला आतून कागदाचा तुकडा चिकटलाय, त्यावर इंग्रजी अक्षरांत 'कोह्न' आणि 'व्हीन' एवढंच वाचता येतं. फोटो टाकते.

तळेगावकर_काका | १६ जानेवारी, रात्री ११:३०

ती रेघ पॉलिशची नाही, ताई.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं तो पूर. मी नऊ वर्षांचा होतो, आम्ही शनिवारात. पाणी ओसरल्यावर घराघरांच्या भिंतींवर तीच रेघ होती. आपापल्या घरातल्या मोठ्यांना विचारा, पलंगाचे पाय त्यानंतरचे असणार.

सुतारपक्षी | १७ जानेवारी, सकाळी ६:५५

काका, पटलं. जुन्या सरसाचे सांधे पाण्यात राहिले की सुटतात. चिखलात अडकलेले पाय काढून कुणी तरी सागाचे बसवले आणि काळा हात दिला. म्हणजे 'लग्न' लावलं खरं, पण व्यापाऱ्याने फसवायला नव्हे, घरच्यांनी गरजेपोटी.

भावाच्या दृष्टीने मात्र पलंग उतरला, ताई. पाय मूळचे असते तर गोष्ट वेगळी होती.

जुनाबाजार | १७ जानेवारी, सकाळी ९:२०

मंडळी, खुर्च्यांचा फोटो बघितला का?

'कोह्न' म्हणजे जे. अँड जे. कोह्न, व्हिएन्नाचे. 'व्हीन' हे व्हिएन्नाचं जर्मन नाव. थोनेट नावाच्या माणसाने बीच लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायची युक्ती काढली, त्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या, म्हणून त्या जहाजाने जगभर गेल्या. १८६९ ला त्याचं पेटंट संपलं आणि कोह्नसारखे दुसरे कारखानदार उतरले. इराण्याच्या हॉटेलात आपण ज्या खुर्च्यांवर बसून बन-मस्का खाल्ला, त्या याच घराण्यातल्या. कोह्न कंपनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, त्यामुळे नुसतं कोह्न नाव असलेला कागद हा त्याआधीचा असण्याचीच शक्यता जास्त.

मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर मी स्वतः अशी एक, कागद नसलेली, साडेआठ हजारांना घेतली. तुमच्याकडे सहा आहेत आणि एकीला कागद आहे. तो ओल्या फडक्याने पुसलात तर मी पुण्यात येऊन भांडेन.

लाकडी_जिना | १७ जानेवारी, सकाळी ९:४१

पुसणारच होते. हात मागे घेतलाय.

मडगांवकर | १७ जानेवारी, रात्री १०:१५

पुसण्यावरून आमचं सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल.

आमच्या घरात आजोबांची व्होल्तेर होती. गोव्याबाहेरच्यांसाठी: लांब हातांची आरामखुर्ची, त्या हातांवर पाय टाकून दुपारी पडायचं. मूळ लाखेचं पॉलिश, शंभर वर्षांच्या हातांनी मऊ झालेलं, मधासारखा रंग. भावाच्या लग्नात घर रंगवताना मी एका पॉलिशवाल्याला म्हटलं, हीसुद्धा चकाचक कर. त्याने मशीन लावून घासली आणि वर मेलामाइन मारलं. काचेसारखी झाली. दोन वर्षांनी फोंड्याचे एक जाणकार घरी आले, बोट फिरवून म्हणाले, "खुर्ची बरी आसा, पूण म्हातारी मेली."

लाखेचं पॉलिश स्पिरिटने पुन्हा जिवंत करता येतं. मेलामाइन उतरवायचं म्हणजे परत घासणं, आणि घासलं की कोरीव कामाच्या कडा बोथट. कुणालाही आधी कोणतं पॉलिश आहे हे विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका. भाव किती उतरला ते मी विचारलंच नाही.

न्यू_जर्सीची_मावशी | १८ जानेवारी, सकाळी ५:३०

तुमच्या धाकट्या बहिणीसाठी लिहितेय. मीही याच फेऱ्यातून गेले.

भारतात शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरू शकते, आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांचं डेस्क शंभरीच्या अलीकडचं असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र घ्यायचं आणि मगच पॅकरला बोलवायचं. माझा एक डबा बंदरात अडकला होता, रोजचं भाडं डब्याच्या किमतीवर गेलं.

डेस्क शिसवीचं आहे का सागाचं? शिसवी असेल तर आणखी भानगड. २०१७ पासून शिसवाची सगळी जात साइट्स करारात (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) आहे. दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूला सूट आहे, त्याहून जास्त वजन असेल तर कागद लागतात. सागाला ही कटकट नाही.

आणि इथल्या भावाबद्दल कुणी स्वप्नं बघत असेल तर: अमेरिकेत आणि इंग्लंडात गडद तपकिरी जुन्या फर्निचरचे भाव गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोसळलेत. नव्या घरांत भिंतीतली कपाटं असतात, मुलं सतत घरं बदलतात, आठ माणसांचं जेवणाचं टेबल कुणाला नको. माझ्या शेजारणीच्या सासूचं महोगनीचं कपाट शेवटी दानसंस्थेने न्यायलासुद्धा नकार दिला. तिला वाटत होतं, त्यावर मुलीचं कॉलेज निघेल.

कॅपुचिनो | १८ जानेवारी, सकाळी ८:०५

मग जुनं म्हणजे महाग हे खोटंच?

जुनाबाजार | १८ जानेवारी, सकाळी ८:४०

वयाला भाव नसतो, मागणीला असतो. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सागवान-वेताच्या खुर्च्या घ्या, पिएर जानरे या वास्तुविशारदाने काढलेल्या, १९५० च्या दशकातल्या. मोडल्या म्हणून गच्चीवर ढीग लावून भंगारात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत लाखांनी विकल्या. सरकारला २०११ ला सूचना काढून त्यांच्या विक्रीला मनाई करावी लागली. त्या खुर्च्यांना पुरावशेष म्हणायला अजून बरीच वर्षं जायची आहेत.

उलटा किस्साही आपल्या माणसांचाच. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून १९३० च्या सुमारास सजवून घेतला, एकदम आधुनिक, नळीच्या धातूचं, काचेचं फर्निचर. १९८० ला त्याचा लिलाव झाला तो मोनॅकोत. त्या काळी इंदुरात कुणी जुनं फर्निचर म्हणून कोरीव सिंहासनंच शोधत असेल.

लाकडी_जिना | २० जानेवारी, रात्री ९:१५

आत्याला फोन केला, ती ८६ वर्षांची आहे, सांगलीला. पानशेतचं नाव काढताच म्हणाली, "अगं, पलंगाचे पाय तुझ्या आजोबांनी भोरहून सुतार आणून केले. चार महिने पलंग विटांवर होता. तुझ्या बापाचं लग्न त्या विटांवरच्या पलंगावरच ठरलं, पाहुणे बसले होते." म्हणजे काका शंभर टक्के बरोबर.

डेस्क सागवानी आहे, आत्या म्हणते आजोबांनी वकिलीची सनद मिळाल्यावर घेतलं, म्हणजे १९३४-३५. शंभरी नाही. धाकटी खूश.

आता त्या पेटीबद्दल विचारायचंय. वरच्या झाकणावर अगदी बारीक चांदण्यांची नक्षी आहे, तांदळाएवढे पांढरे, हिरवट, काळे तुकडे जोडून केलेली. उघडली की चंदनाचा वास येतो, अजून. पांढरे तुकडे हाडाचे का हस्तिदंताचे? भाचा म्हणतो गरम सुई टोचून बघू.

सुतारपक्षी | २० जानेवारी, रात्री ९:२२

सुई खाली ठेवायला सांगा त्याला!!

गरम सुईने फक्त प्लॅस्टिक ओळखता येतं, बाकी वस्तूचं नुकसान होतं. भिंगाने बघा. हाडात बारीक काळपट ठिपके किंवा रेघोट्या असतात. हस्तिदंतात ठिपके नसतात, आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वळणदार रेघांची जाळी दिसते. पण तांदळाएवढ्या तुकड्यात ती दिसणं कठीण.

तळेगावकर_काका | २० जानेवारी, रात्री १०:००

हे सादेली काम. सुरत आणि मुंबई ही त्याची घरं, ही कला इराणातून आली असं मानतात. हस्तिदंत, हाड, शिंग, रंगवलेलं लाकूड, कथलाच्या तारा यांच्या काड्या एकत्र चिकटवून जुडी करायची आणि मग काकडीसारख्या चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीत तीच चांदणी. एकोणिसाव्या शतकात साहेब लोक या पेट्या भेट म्हणून घरी न्यायचे, विलायतेत 'बॉम्बे बॉक्स' हेच नाव पडलं.

कलम_आणि_कागद | २० जानेवारी, रात्री १०:४४

सुंदर पेटी आहे आणि तुम्हाला ती विकता येणार नाही, असं समजून चाला.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतल्या हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. जुनं आहे, पणजीचं आहे, याने विक्री कायदेशीर होत नाही. वारशाने आलेल्या अशा वस्तूची नोंद ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात द्यायची असते. तुमच्या आईंना जाऊन त्याहून जास्त दिवस झालेत, म्हणून वकिलाचा सल्ला घेऊन अर्ज करा, लपवू नका. आणि आधी जाणकाराकडून ते हाड आहे की हस्तिदंत ते ठरवून घ्या, हाड निघालं तर प्रश्नच मिटला.

शंकासूर | २० जानेवारी, रात्री ११:३०

कुणी त्या गृहस्थांना विचारलं का, त्यांच्या एकगठ्ठ्यात ही पेटी होती का?

लाकडी_जिना | २० जानेवारी, रात्री ११:३४

होती. "आतमध्ये बांगड्या ठेवायला बरी आहे, माझ्या मुलीला देईन" म्हणाले होते.

लाकडी_जिना | ९ फेब्रुवारी, रात्री १०:२०

धागा वर काढतेय, कारण काही जणांनी निरोप पाठवून विचारलं पुढे काय झालं.

मुंबईच्या एका मूल्यमापक बाई आल्या. ठरलेले सात हजार आणि येण्या-जाण्याचा खर्च. चार तास होत्या, त्यातला पहिला तास एकाही वस्तूला हात न लावता नुसत्या फिरल्या. आत्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन पाऊण तास प्रश्न विचारले. जुन्या फोटोंच्या अल्बममध्ये १९४८ चा एक फोटो सापडला, पलंग मूळच्या पायांवर. तो फोटो त्यांनी कागदपत्रांत लावला.

त्यांचे आकडे, वाटणीसाठीचे: पलंग ९० हजार (मूळ पाय असते तर दुप्पट-अडीचपट, म्हणाल्या). कपाट ३५, आरसा बेल्जियमचा का ते सांगता येत नाही आणि त्याने फारसा फरकही पडत नाही. झोपाळा ४०, त्यातलं निम्मं वजन पितळी कड्यांचं. डेस्क १२. खुर्च्या सहा मिळून ६५, कागदासकट, वेत विणून घ्यायचा पण मूळ चौकटीला पॉलिश करायचं नाही. गोदरेज ६. पेटीपुढे आकडा नाही, नुसती रेघ. त्यांनीही हस्तिदंतच म्हटलं, अर्ज केलाय.

बेरीज २ लाख ४८ हजार. व्यापाऱ्याने एकदम उचललं तर सव्वा ते दीड लाख मिळतील, असंही त्यांनी लिहून दिलं. म्हणजे ते गृहस्थ पैशात तसे लबाड नव्हते, पेटी सोडली तर. दादाने हे तीनदा वाचून घेतलं.

वाटणी अशी केली. तिघांनी प्रत्येक वस्तूपुढे आपापला आकडा चिठ्ठीवर लिहिला, ज्याचा सगळ्यात जास्त त्याची वस्तू, आणि तो आकडा त्याच्या हिश्श्यातून वजा. कलम_आणि_कागद यांनी निरोपातून सुचवलं होतं. दादाने डेस्कपुढे ५५ हजार लिहिले! बारा हजारांच्या डेस्कला. धाकटीने पन्नास. मी दोन. मला माहीतच नव्हतं की दोघांनाही ते इतकं हवं होतं, आजोबा दोघांना त्याच डेस्कवर पाढे म्हणायला बसवायचे. डेस्क नाशिकला जाणार. धाकटी दोन दिवस बोलली नाही, मग तिने खुर्च्या मागितल्या, चार. दोन माझ्याकडे. पलंग कुणालाच बसत नाही, आमच्या कुणाच्याही फ्लॅटच्या दारातून खांब आत जात नाहीत. तो बहुधा विकू.

सुतारपक्षी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४१

पलंग विकताना पाय बदलल्याचं आणि १९६१ चं लिहून द्या, फोटोसकट. लपवलेली दुरुस्ती सापडली की भाव पडतो, सांगितलेली असली की घेणारा निदान विचार करतो. आणि खुर्च्यांचा वेत हाताने विणणारे अजून आहेत, तयार जाळी खाचेत ठोकून देणाऱ्याकडे देऊ नका. तुमच्या बैठकीच्या कडेला भोकं आहेत ना? म्हणजे मूळ काम हाताचंच.

लाकडी_जिना | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५०

भोकं आहेत. निरोपातून पत्ता पाठवाल का?

आणि मंडळी, मूल्यमापक बाईंच्या यादीत नसलेलं एक राहिलं. सागवानी पाट आहेत, पितळी फुल्यांचे, अकरा. बाईंनी त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली. कुणाला हवे असतील तर सांगा, पैसे नकोत, पण येऊन न्यावे लागतील आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरवावे लागतील.

न्यू_जर्सीची_मावशी | १० फेब्रुवारी, पहाटे ४:१०

दोन माझे. भाची कोथरूडला असते, शनिवारी पाठवते.

शंकासूर | १० फेब्रुवारी, सकाळी ७:३०

एक मला. पेशवेकालीन असल्याचं प्रमाणपत्र सोबत द्या.